आधी लिहून घे

घोडेगाव, ता. आंबेगाव
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्ना हिस,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझी आई परवा आळ्याहून येऊन दोन दिवस राहून गेली. गुडघे दुखतात म्हणते आणि तेच गुडघे घेऊन आठवडी बाजार दोनदा फिरते, तेव्हा काळजीचे कारण नाही. कपिलने आळेफाट्याच्या चौकात लावलेला तुझा फ्लेक्स अजून जागेवर आहे. त्यावर तुझ्यामागे चार इंजिनांचे विमान दाखवले आहे. तू उडवतेस त्याला एकच इंजिन आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले, तर तो म्हणाला, "मामा, एक इंजिनवालं फ्लेक्सवर ट्रॅक्टरसारखं दिसतं." तुझा हा भाऊ शिकला असता तर वकील झाला असता.

पुढचे सर्व मी फोनवरही सांगू शकलो असतो. परंतु फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "हो मामा, कळलं" म्हणतेस, आणि ते ऐकून माझ्या कपाळाची शीर उठते. निदान कागद मध्येच "कळलं" म्हणत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि त्याचे उत्तरही पत्रानेच हवे आहे.

पायलटच्या परीक्षेत हवामानशास्त्राच्या पेपरात तुला चौऱ्याण्णव गुण मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत तू ते सांगितलेस तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तुझी ती क्वेश्चन बँक मी सहज चाळायला घेतली. तीन हजार दोनशे प्रश्न, आणि प्रत्येकासमोर ए, बी, सी, डी यांपैकी एका अक्षराला गुलाबी रंग दिलेला. मी त्यातले वीस प्रश्न निवडून तुला विचारले. वीसच्या वीस बरोबर आले. काहींची उत्तरे तर प्रश्न पुरा वाचून होण्याआधीच आली. मग तेच वीस प्रश्न मी माझ्या हाताने वहीत उतरवले, आकडे थोडे बदलले आणि पर्याय गाळले. त्या वेळी सहा बरोबर आले. तू चिडून म्हणालीस, "मामा, असं कुणी विचारतच नाही." स्वप्ना, हवा असेच विचारते. हवेजवळ पर्याय नसतात.

माझा खरा संताप झाला तो त्यानंतर, भीमाशंकरच्या गाडीत. प्रसंग तुला आठवतच असेल, तरी मी तो क्रमाने मांडतो, कारण तू तो विसरण्याच्या तयारीत आहेस असा मला संशय आहे.

शाळेने मोडीत काढलेला आणि मुख्याध्यापकांनी मला घरी नेऊ दिलेला तो वायुदाबमापक मी मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडी घाट चढू लागली तसा काटा उतरू लागला. मला वाटले, तुझे डोळे चमकतील. जे तू पुस्तकात वाचलेस ते माझ्या मांडीवर घडत होते. मी विचारले, "समज, हाच तुझ्या विमानातला उंची सांगणारा आल्टिमीटर आहे. आपण एका जागी उभे आहोत आणि हवेचा दाब कमी झाला. काटा काय सांगेल?" तू खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "ओव्हर रीड, जास्त उंची. ऑप्शन सी." मी म्हणालो, "का?" मी पुन्हा विचारले तर म्हणालीस, "मामा, लोक बघतायत."

लोक बघत होतेच. शेजारी तळेघरच्या धोंडाबाई होत्या, तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, "मास्तर, पोरीला चढत्या गाडीत पाडं इचारताय व्हय? तिला मळमळंल." सगळी गाडी हसली. मग त्यांनी आपला डबा माझ्यापुढे धरला. "ह्यो बगा. खाली घोडेगावात टोपण घट लावलं, तवा पार चपटा व्हता. आता पोट फुगलंय त्याचं. घरी जाऊन टोपण फिरवलं की फुस्स करतंय. खालची हवा घट असती, वरची पातळ. आत कोंडलेली खालचीच ऱ्हाती ना."

तू तेव्हा मोबाइलमध्ये पाहू लागलीस. तुला लाज वाटली हे मला समजले, आणि तुला लाजवण्याचा माझा हेतू नव्हता. परंतु चौऱ्याण्णव गुणांत जे नव्हते, ते त्या डब्यात होते.

तर आता नीट ऐक. तुझ्या विमानातला आल्टिमीटर म्हणजे धोंडाबाईंचाच डबा आहे. एक लहान, बंद, धातूची पातळ डबी. बाहेरची हवा पातळ झाली की ती फुगते, आणि तिला जोडलेला काटा म्हणतो, "आपण वर आलो." डबीला फुगणे तेवढे कळते. ती वर गेल्यामुळे फुगली की जागच्या जागी हवा उतरल्यामुळे फुगली, यातला फरक तिला कळत नाही. तो तिला माणसाने सांगावा लागतो, आणि त्यासाठीच त्या यंत्राला गोल खुंटी दिलेली आहे. जमिनीवरून तुला दाबाचा आकडा सांगतात, तू खुंटी फिरवून तो आकडा लावतेस, म्हणजे त्या भाबड्या डबीला सांगतेस की, बाई, एवढे फुगणे हवेचे आहे, उरलेले उंचीचे. ते सांगितले नाहीस तर ती खोटे बोलणार, आणि तेही तुला सुखावणारे खोटे: तू आहेस त्यापेक्षा उंच आहेस, असे.

हे किती सुंदर आहे. एका फुगणाऱ्या डबीच्या भरवशावर माणसे ढगांतून ये-जा करतात. आणि तू त्याला "ऑप्शन सी" म्हणतेस.

माझी एवढीच मागणी आहे: आल्टिमीटर का चुकतो, हे पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, एक पानभर लिहून पाठव. मराठीत लिही.

लहानपणी तू प्रत्येक गोष्टीला "का" विचारायचीस. रॉकेलच्या दिव्याची काच वरून उघडी का, तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो. तुझी आई कंटाळून तुला माझ्याकडे पाठवायची. ती सवय कुठे सुटली, याचा मी गेले काही दिवस विचार करतो आहे. असो. तो विषय वेगळा आहे.

प्रकृतीस जप. जेवण वेळेवर घे.

तुझा,
सोमनाथमामा


घोडेगाव
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. स्वप्ना,

सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राचे फोटो कपिलने आज सकाळी मोठे करून दाखवले. हे उत्तर मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिले दोन कागद फाडले. टपालाने पोहोचेपर्यंत तुझ्या उड्डाणाचा सोमवार उलटून जाईल, म्हणून हेही फोटो काढून पाठवायला सांगणार आहे. फोन करणार होतो, पण फोनवर मी ओरडलो असतो, आणि तू "हो मामा" म्हणाली असतीस.

तुझे पानभर उत्तर उत्तम आहे. डबीला तू "आंधळी पण प्रामाणिक" म्हटले आहेस, ते मला फार आवडले. परंतु त्या पानाच्या मागे तू जे बारीक अक्षरात लिहिले आहेस, ते मी चार वेळा वाचले. मला नीट समजले आहे की नाही, हे पडताळण्यासाठी माझ्या शब्दांत मांडतो.

मंगळवारी सकाळी दहा वाजता तू प्रशिक्षकांना शेजारी घेऊन निघालीस, दुसऱ्या धावपट्टीवर उतरलीस, तिथे थांबून पावणेचारला आपल्याच धावपट्टीवर परत आलीस. आकाश दिवसभर स्वच्छ होते. उतरण्याआधी टॉवरने दाबाचा नवा आकडा सांगितला. तू तो नियमाप्रमाणे बिनचूक परत म्हणून दाखवलास, आणि तुझा हात खुंटीकडे गेलाच नाही. सकाळचाच आकडा राहिला. फरक चार मिलिबारचा, म्हणजे सुमारे एकशे वीस फुटांचा. तू होतीस त्यापेक्षा एकशे वीस फूट उंच आहेस असे तुझी डबी सांगत राहिली, शेवटी प्रशिक्षकांनी न बोलता हात लांबवून खुंटी फिरवली. खाली उतरल्यावर ते "विसरत जाऊ नकोस" एवढेच म्हणाले, आणि शेऱ्यात "थिअरी उत्तम" लिहून सोमवारच्या एकटीच्या लांब उड्डाणासाठी तुझे नाव पाठवले.

तू लिहितेस, "मामा, प्रश्नात 'जास्त दाबाच्या प्रदेशाकडून कमी दाबाच्या प्रदेशाकडे जाताना' असं असतं. मी तर कुठंच गेले नव्हते. त्याच जागी परत येत होते. म्हणून मला वाटलंच नाही."

स्वप्ना, याला विसरणे म्हणत नाहीत. विसरायला आधी माहीत असावे लागते, आणि माझे पत्र वाचले म्हणजे माहीत झाले असे नव्हे. प्रशिक्षकांना वाटते की तुला माहीत आहे, कारण तुझ्या गुणपत्रिकेवर चौऱ्याण्णव लिहिलेले आहेत. तुला माहीत नव्हते, ही गोष्ट आजच्या घडीला जगात दोघांनाच ठाऊक आहे, तुला आणि मला. सोमवारी शेजारच्या खुर्चीत हात लांबवायला कोणी नसेल.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. ते टाळूनच मी पहिले दोन कागद लिहिले होते.

तू लिहिले आहेस: "मामा, 'का' विचारायची सवय कुठं सुटली, ते मला आठवतंय. तुम्हाला आठवत नाही का?"

आठवते. मागचे पत्र लिहितानाही आठवत होते.

तू दहावीत होतीस. त्या वर्षी मतदार याद्यांच्या कामात माझा दीड महिना गेला आणि विज्ञानाचे चार धडे राहिले. फेब्रुवारीत मी फळ्यावर सतरा प्रश्न उत्तरांसह लिहून दिले आणि वर्गाला सांगितले, "हे आयएमपी, पाठ करा." तू दुसऱ्या बाकावरून हात वर केलास. शाळेत मला सर म्हणायचे ठरले होते, तू चुकून मामा म्हणालीस आणि वर्ग हसला. तू विचारलेस, "हवा गार झाली की तिच्यात वाफ कमी मावते असं लिहिलंय. म्हणजे हवेत जागा असते का? गार झाल्यावर ती जागा कुठं जाते?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी यापेक्षा चांगला प्रश्न विचारला नाही. हवेत जागा नसतेच, तो शब्दच फसवा आहे, आणि तू नेमके त्या फसव्या शब्दावर बोट ठेवले होतेस. मला उत्तर येत होते. समजावून सांगायला सात-आठ मिनिटे लागली असती. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "ते परीक्षेत येत नाही. आधी लिहून घे."

तू खाली मान घालून लिहून घेतलेस.

सतरापैकी चौदा प्रश्न आले. तुला सत्त्याण्णव गुण पडले, शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल कपाटात आहे. तुझ्या क्वेश्चन बँकेवर मी जो काही राग काढला, त्या बँकेची पहिली सतरा पाने माझ्या अक्षरातली आहेत. वर्गात त्या दिवशी बत्तीस मुले होती. त्यांच्यापैकी विमान चालवायला तू एकटी गेलीस, म्हणून माझी चूक आज मला दिसते. बाकीच्यांच्या बाबतीत ती कुठे कशी निघाली, हे मला कधीच कळणार नाही.

हे मी तुला भेटूनच सांगायला हवे होते. भीमाशंकरच्या गाडीत माझ्या मनात ते होते, आणि मी त्याऐवजी तुझीच परीक्षा घेत बसलो.

आता सोमवार. तू लिहितेस की तीन जानेवारीला गावात सत्काराचा कार्यक्रम ठरला आहे, आईने साडी घेतली आहे, पाहुण्यांना निरोप गेले आहेत, आणि एकटीचे उड्डाण त्याआधी झाले नाही तर फ्लेक्स खोटा ठरेल. फ्लेक्सवरचे विमानही खोटेच आहे. आईशी मी बोलतो, कार्यक्रमवाल्यांशीही बोलतो. ते माझ्यावर सोड.

तू फक्त मुख्य प्रशिक्षकांकडे जा आणि सांग, "खुंटी मी विसरले नव्हते, मला ती का फिरवतात हेच माहीत नव्हते. आणखी काय काय माहीत नाही, ते मला आधी पाहायचे आहे." हे वाक्य तोंडातून काढणे अवघड आहे. मला ते लिहायला तीन कागद लागले.

मी आज्ञा करत नाही. तो अधिकार त्या फेब्रुवारीत मी गमावला. विनंती करतो.

तुझा,
सोमनाथ


घोडेगाव
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. स्वप्ना हिस,

सप्रेम जयभीम व खूप खूप आशीर्वाद.

तुझे जाड पाकीट काल मिळाले. तीस डिसेंबरला तू एकटी गेलीस आणि एकटी परत आलीस, हे आम्हाला फोनवर कळलेच होते, तरी तुझ्या अक्षरात वाचताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला. परतताना आकडा लावताना तू मोठ्याने "बाई, एवढं फुगणं हवेचं" म्हणालीस, आणि रेडिओचे बटण दाबलेले नव्हते ना म्हणून नंतर घाबरलीस, ते वाचून मी एकटाच हसत बसलो.

तू प्रशिक्षकांना सांगितलेस तेव्हा ते आधी वैतागले, वेळापत्रक कोलमडले म्हणाले, आणि मग दोन आठवडे रोज तासभर तुझ्याबरोबर बसले. त्यांना माझा नमस्कार सांग. वैतागून का होईना, जो बसतो तो खरा शिक्षक.

तुला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे परवाचा कार्यक्रम तुझ्यावाचून पार पडला. कपिलने व्यासपीठावर तुझा मोठा फोटो ठेवला आणि उत्साहाच्या भरात त्याला हार घातला. तुझी आई खुर्चीवरून उठली. "आरं मुडद्या, जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?" माईक चालू होता. गुडघेदुखीचे नावही न घेता तिने व्यासपीठ गाठले, हार काढला आणि कपिलच्याच गळ्यात घातला. त्यामुळे या वर्षीचा सत्कार कपिलचा झाला, असे सगळे म्हणतात.

मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. मी त्या सतरा प्रश्नांची गोष्ट सांगितली. तुझ्या वर्गातली चार-पाच मुले समोर बसली होती, आता त्यांच्या कडेवर त्यांची मुले आहेत. टाळ्या वाजल्या नाहीत. एक जण नंतर येऊन म्हणाला, "सर, मला ते सतरा अजून पाठ आहेत. म्हणून दाखवू?" ती थट्टा होती की काय, हे मला ठरवता आले नाही.

काल बाजारात धोंडाबाई भेटल्या. विचारत होत्या, "पोरगी उडाली का, मास्तर?" मी म्हणालो, उडाली. "परत बी आली?" आली. "मंग बास," म्हणाल्या आणि डबा उचलून गाडीकडे गेल्या.

आता तुझ्या पाकिटातल्या त्या तक्त्याविषयी, ज्यामुळे कालपासून माझे जेवणात लक्ष नाही.

त्या मंगळवारी आकाश स्वच्छ असताना चार मिलिबार गेले कुठे, हा प्रश्न तू सोडला नाहीस. उड्डाण पुढे ढकलले त्या दिवसांत तू परवानगी घेऊन शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानाचा आल्टिमीटर दर तासाला वाचलास, खुंटीला हात न लावता. नऊ दिवस. रात्रीचे आकडे तिथल्या हवामानाच्या नोंदवहीतून घेतलेस. आणि तुला दिसले की ते जागचे न हललेले विमान सकाळी दहाला सर्वांत खाली असते आणि दुपारी चारपर्यंत शंभरेक फूट "चढते". मग पुन्हा उतरते, आणि पहाटेच्या सुमारास पुन्हा चढते. रोज. ढग नसोत, वारा नसो. दिवसातून दोनदा.

तू विचारतेस, "मामा, सूर्य दिवसातून एकदाच उगवतो. मग हवा दोनदा का चढते-उतरते?"

मी आधी म्हणालो, पोरीचे काहीतरी चुकले. मग आज सकाळी सहापासून आपल्या वायुदाबमापकासमोर खुर्ची टाकून बसलो आणि दर तासाला आकडा लिहिला. दहाला काटा सर्वांत वर होता. आता चार वाजले आहेत आणि तो तीन मिलिबारने उतरला आहे. बाहेर लख्ख ऊन आहे. हे यंत्र आधी शाळेच्या आणि मग माझ्या घराच्या भिंतीवर एकूण पस्तीस वर्षे आहे. रोज मी त्याची काच पुसतो. इतकी वर्षे ते रोज दोनदा मला हे सांगत होते, आणि मी धूळ पुसत होतो.

उन्हाने हवा तापते आणि हलकी होते, म्हणून दुपारी दाब उतरतो, असे म्हणावे तर पहाटे, जेव्हा सर्वांत गारठा असतो, तेव्हा तो पुन्हा का उतरतो? समुद्राच्या भरती-ओहोटीसारखे चंद्रामुळे म्हणावे, तर भरतीची वेळ रोज सरकते, आणि तुझी सकाळी दहाची वेळ नऊही दिवस दहाचीच राहिली आहे. म्हणजे हे सूर्याचेच काम आहे, आणि तरीही दोनदा. मी दोन तास विचार केला. दोन्ही वाटांनी जाऊन परत आलो.

मला उत्तर माहीत नाही.

हे वाक्य मी विद्यार्थ्याला उद्देशून आयुष्यात प्रथमच लिहितो आहे. लिहिल्यावर हलके वाटले, म्हणून ते तसेच ठेवतो. उद्या पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसणार आहे. तू तुझ्या बाजूने शोध. कोणाला आधी सापडले तर दुसऱ्याला अक्षर सांगू नये, कारण सांगावे.

नवीन वही आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर, वर तारीख घालून, तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत उतरवला आहे. तो कोणत्याही परीक्षेत येणार नाही. म्हणून आधी लिहून घेतला.

तुझा विद्यार्थी,
सोमनाथमामा